दोन वेशींच्या मधलं

दुकानात कुणीच नव्हतं. पितळी समया, स्टीलचे डबे, दोरीला टांगलेल्या कळश्या — सगळं जिथल्या तिथं, फक्त मालक गायब. वर्षाराणीनं कडेवरचा तांब्याचा हंडा खाली ठेवला आणि दोनदा "काका, ओ काका" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. वरच्या मजल्यावरून मात्र टकटक, टकटक असा बारीक आवाज येत होता. भांडं ठोकत असतील, असं म्हणून तिनं हंडा पुन्हा कडेवर घेतला आणि जिना चढली.

वर ना भांडं होतं ना हातोडी. प्लायवूडचे खण पाडलेले, खणाखणात एकेक कॉम्प्युटर, आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढं पाठमोरा बसलेला एक मुलगा. बोटं नुसती पळत होती. पावलं वाजली तसं त्यानं मागं न बघताच विचारलं,

"वेशीच्या उत्तरेला काय असतंय?"

वर्षाराणी गोंधळली. "कोणत्या वेशीच्या?"

"कोणत्याबी. वेशीतून बाहेर पडलं, उत्तरेला तोंड केलं... काय दिसतंय?"

"उकिरडा," ती म्हणाली.

बोटं थांबली. "आन् उकिरड्यावर?"

"कोंबड्या. त्यातली एखादी लंगडी असती." तिनं हंडा सावरला. "तुमी... गळक्या हंड्याला डाग देता का हितं?"

आता तो वळला. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, चष्मा घामानं नाकावर घसरलेला. दारात हंडा घेऊन उभी असलेली मुलगी बघून तो आधी चपापला, मग असा हसला, असा हसला, की तिलाही हसू आवरेना. कशाला हसतोय हे मात्र तिला कळलं नव्हतं.

"डाग खाली देतेत," तो म्हणाला. "बाबा जेवायला गेलेत, येतील. तवर बसा की... उत्तर तर झालं. दक्षिणेचं सांगा."

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. केजला बीड रोडवर गुंडप्पांचं भांड्यांचं दुकान होतं आणि वर त्यांच्या मुलाचं, बसवेशचं, नेट कॅफे. बसवेश लातूरहून कॉम्प्युटरचं शिकून परत आलेला. बरोबरीची पोरं पुण्या-बंगळूरला गेली आणि हा का आला, ते गुंडप्पांना कळत नव्हतं. तो आला होता तो 'सातवेस' लिहायला.

सातवेस म्हणजे नेटवर खेळायचा खेळ. चित्र नाही, आवाज नाही, नुसते शब्द. सात वेशींचं एक गाव. इंग्रजी अक्षरांत 'उत्तर' टाइप केलं की तुम्ही उत्तरेला चालायला लागता आणि पुढ्यात काय आहे ते पडद्यावर मराठीत, पण त्याच इंग्रजी अक्षरांत, उमटतं. केजची पोरं खेळायची, लातूरची खेळायची, आणि दुबई-अमेरिकेला गेलेले मराठी लोकही रात्रीचे जागून खेळायचे. दर दिवाळीला एक नवी वेस उघडायची. तिच्यापलीकडं नवा मुलूख, नवी माणसं, नवी भानगड. वेस उघडली की पैसे भरायचे, एकदाच. मग पुढच्या दिवाळीपर्यंत मधल्या काळात बसवेश जे काही नवं घालील — कधी एखादी विहीर, कधी बोरं विकणारी म्हातारी — ते सगळं फुकट.

आठ दिवसांनी वर्षाराणी हंडा न्यायला आली, तेव्हा त्यानं तिला वर बोलावून पडद्यावर दाखवलं. तिसऱ्या वेशीच्या उत्तरेला उकिरडा होता. उकिरड्यावर लंगडी कोंबडी होती.

"आगं माय..." ती पडद्याला नाक लावायचीच राहिली होती. "ही आमचीच हाय की!"

"मग नाव घाला आन् धरा तिला."

"माझं नाव नको. सगळी पोरं खेळतेत."

"मग कुणाचं?"

तिनं जरा विचार केला. "छबुबाई. माझ्या आजीचं."

अशी सातवेशीत छबुबाई आली. दुबईतले इंजिनियर तिला 'आजी' म्हणू लागले, वाट विचारू लागले, भांडणं सोडवायला बोलावू लागले. छबुबाई एकोणीस वर्षांची आहे आणि कॉलेज सुटल्यावर केजच्या भांड्यांच्या दुकानाच्या वर बसून खेळते, हे फक्त एकाला माहीत होतं. आणि तो एकजण समोरच्या खणातून चष्म्यावरून हळूच बघायचा... ती कुठं हसते ते.

वर्षाराणीचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. वडील शहादेव आणि आई सरस्वतीबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. यायचे ते गुढीपाडव्याच्या सुमाराला. मागं आजी, दोघी धाकट्या बहिणी आणि वर्षाराणी. ते सहा महिने घरातलं मोठं माणूस म्हणजे तीच. ती बारावीनंतर कॉलेजला जात होती हेच नवल होतं. त्यात गुंडप्पांनी एक दिवस तिला विचारलं, "पोरी, वर कॉम्प्युटरच्या क्लासला लोक आपल्या पोरी धाडंनात, पोरगा शिकवतोय म्हणून. तू शिकून घे आन् पोरींना तू शिकव. पगार देतो."

ती शिकली. शिकवू लागली. आणि बसवेशला सगळ्या पोरींसारखं 'सर' म्हणू लागली, पण म्हणताना असं काही म्हणायची की त्याचे कान लाल व्हायचे.

"सर, ही बोरंवाली म्हातारी छबुबाईलाच तेवढी मूठभर जास्ती कावून देती?"

"वळखीची असंल."

"आन् घाटावरचं गाढव बाकी समद्यांला लाथ मारतंय, छबुबाईला मारत न्हाई."

"गाढवाला माणसाची पारख असती."

"गाढवाला, का सरांना?"

"... तुमी पुढच्या पोरीला फाइल सेव्ह करायची शिकवा बगू."

असे दिवस होते. त्या दिवसांना पुढं काय नाव द्यावं, हे तिला कधी ठरवता आलं नाही.

सातवेस ज्या मशिनवर चालायचं ते औरंगाबादच्या सुंदररावांचं. कॉम्प्युटर विकणारे गृहस्थ, बोलायला गोड. ते दिवाळीनंतर केजला आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "बसवेश, मशीन मी चालवतो, वीज मी भरतो. वर्षातून एकदाच पैसे येतात. बाकी वर्षभर तू पोरांना फुकट वाढतोस. दर आठवड्याला नवीन काही घालतोस ना? मग दर आठवड्याला एक कुलूप घाल. पैसे भरतील त्यांना किल्ली."

"मधल्याचे पैसे घेत न्हाई मी," बसवेश म्हणाला.

"मग मशीन बंद करावं लागेल."

जिन्यात गुंडप्पा उभे होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी जेवताना ते एवढंच बोलले, "पाडव्यापर्यंत बघू. ह्यातनं संसार होण्यासारखा असंल तर ऱ्हा. नसंल तर बंगळूरला मामा नोकरी बघायलेत. जा तिकडं."

ही बातमी वर्षाराणीला बसवेशनं सांगितली नाही. उमाबाईंनी, त्याच्या आईनं, पाण्याचा तांब्या वर देताना सहज सांगितली, आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कॅफेत सुंदररावांच्या कुलपाचा विषय पेटला. खताच्या दुकानदाराचा गहिनीनाथ आणि जीप चालवणारा बंकट, दोघं सातवेशीतले जुने गडी.

"दिवाळीला वेस उघडली तवा पैसे दिलेत की आमी," गहिनीनाथ म्हणाला. "मग मधल्याचे परत कावून?"

"पिच्चरचं तिकीट काढलं, तर इंटरवलनंतर परत तिकीट मागतेत का बे?" बंकटनं री ओढली.

"पिच्चर एकदा काढला की झाला," वर्षाराणी पुढं आली. एरवी पोरांच्या बोलण्यात ती पडायची नाही. "हितं माणूस रोज बसून नवं काढायलाय. बंकटभाऊ, तुमची जीप केजची बीडला जाती. मधी नेकनूरला उतरणाऱ्याला फुकट सोडता का तुमी?"

पोरं हसली. बंकट डोकं खाजवू लागला. पण गहिनीनाथ हुशार. "ताई, ज्यानं बीडचे पैसे दिलेत, त्यानं नेकनूरला पाय मोकळे केले तर त्याचे येगळे पैसे घेतेत का?"

आता सगळे तिच्यावर हसले. तिनं बसवेशकडं बघितलं — तू तरी बोल की. तो खिडकीबाहेर बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या खेळाबद्दल चाललंय.

फेब्रुवारीतली दुपार. लाइट गेलेली, पोरं घरी पळालेली. आभाळ एकाएकी काळवंडलं आणि खालून उमाबाईंचा आवाज आला, "बसवा, पापड! गच्चीवर पापड हायेत!"

दोघं धावले. अवकाळी पावसाचे टपोरे थेंब साडीवर वाळत घातलेल्या पापडांवर पडू लागले होते. दोन टोकं त्यानं धरली, दोन तिनं, आणि अख्खी साडी उचलून दोघं पत्र्याच्या आडोशाला घुसले. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारी उभ्या माणसालाही ओरडून बोलावं लागावं. अर्धे पापड ओले झाले होते. तिच्या केसांतून पाणी ओघळत होतं. तिच्या गालाला उडदाचं पीठ लागलं होतं, आणि ते सांगावं की नाही, ह्या विचारात तो नुसता बघत राहिला.

"काय बगताय?"

"काही न्हाई... पीठ."

तिनं ओढणीनं गाल पुसला आणि एकदम म्हणाली, "पैसे घ्या की हो! कावून घेत न्हाई तुमी? समदं जग कामाचे पैसे घेतंय. न्हाई घेतले तर पाडव्याला तुमाला बंगळूरला..."

बसवेशनं चष्मा काढला. शर्टाला पुसला. शर्टही ओलाच होता.

"वेस लिहितो तवा समद्यांसाठी लिहितो," तो म्हणाला. "लढाई, खजिना, कोडी. त्याचे पैसे घेतो, काही वाटत न्हाई. पण मधलं... ती म्हातारी, ते गाढव, ती कोंबडी... ते कुणासाठी लिहितो, तुला म्हाईत न्हाई?"

तो 'तू' म्हणाला होता. पहिल्यांदा.

"तू हसलीस का न्हाई, एवढं बगायला लिहितो मी. बाकीच्यांला ते फुकटात बगायला मिळतंय, बगू द्या. पण त्याला कुलूप लावून पैसे कसे घेऊ? मला ते... मला ते जमंना, वर्षा."

पाऊस वाजत राहिला. वर्षाराणीच्या हातातलं साडीचं टोक निसटलं आणि दोन-चार पापड पाण्यात गेले, तरी दोघांपैकी कुणी वाकलं नाही.

"मग माझ्यासाठीच घ्या," ती शेवटी म्हणाली, इतक्या हळू की त्याला पुढं झुकावं लागलं. "तुमी हितं ऱ्हावं म्हणून घ्या. मला म्हातारी नको, गाढव नको. तुमी... हितं असलात म्हंजी झालं."

खालून उमाबाई विचारत होत्या, पापड वाचले का. "वाचले, काकू!" असं तिनं ओरडून सांगितलं.

बसवेशनं कुलूप लावलं. मधल्या प्रत्येक नव्या गोष्टीला आता वेगळी किंमत. छबुबाईला किल्ली फुकट द्यायला तो निघाला होता. तिनं हात धरला. "समद्या पोरांशी मी भांडले. आता मलाच फुकट? न्हाई. छबुबाई थांबंल जिथं हाय तिथं."

"पण तुझ्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी तुमी हायेत की."

गहिनीनाथ आणि बंकट आठवडाभर चिडून बोलले, मग मोटारींच्या शर्यतीचा कुठला तरी खेळ खेळू लागले, मग येईनासे झाले. गावातली पोरं गळाली. पण दुबईनं पैसे भरले, अमेरिकेनं भरले. घरापासून लांब राहणाऱ्या माणसांना दर आठवड्याला गावाकडचं काहीतरी नवं हवं होतं आणि त्याचे पैसे द्यायची त्यांची ना नव्हती. पाडवा आला, गेला. गुंडप्पांनी बंगळूरचं नाव काढलं नाही. पाडव्याच्या दिवशी उमाबाईंनी वर्षाराणीला जेवायला थांबवून घेतलं आणि वाढताना पुरणपोळीवर तुपाची धार जरा जास्तच धरली. वर्षाराणीला वाटलं, जमलं. आपण जमवलं.

फक्त एक झालं. पैसे देणारे लोक आता सांगू लागले की त्यांना काय पाहिजे. त्यांना तलवारी पाहिजे होत्या, जादूचे घोडे पाहिजे होते. बसवेश ते लिहायचा. लिहिताना त्याची बोटं पूर्वीसारखीच पळायची, पण चष्म्यावरून समोरच्या खणात बघायचं त्याला आता काही कारण उरलं नव्हतं. छबुबाई कुलपाच्या अलीकडंच उभी होती.

आणि सातवेस इतकं चाललं, इतकं चाललं, की बंगळूरच्या एका कंपनीनं ते सुंदररावांच्या मशिनसकट विकत घेतलं आणि लिहिणाऱ्यालाही बोलावणं धाडलं. मामाच्या वशिल्याची नोकरी नव्हती ही. मानाची होती. गुंडप्पांनी दुकानात पेढे वाटले. पोराला इथंच ठेवायला म्हणून जे केलं, त्यानंच तो निघाला.

जायच्या आदल्या दुपारी रिकाम्या क्लासात दोघंच होते. पंखा फिरत होता. वर्षाराणी कीबोर्डवरची धूळ पुसत होती, पुसलेल्याच पुन्हा पुसत होती.

"चल माझ्यासोबत," तो म्हणाला.

ती हसली. मग तो हसत नाही हे बघून तिचं हसू थांबलं.

"कसं येऊ? दिवाळी झाली की माय-बाप जातेत. मागं म्हातारी आन् दोघी. मोठी आत्ता आठवीत गेली. त्यांच्या वेण्या कोण घालंल? रातच्याला कडी कोण लावंल?"

"मग मी जात न्हाई."

"जा. न्हाई गेलात तर काका मला आयुष्यभर माफ करायचे न्हाईत. आन् तुमीबी."

"आईला सांगतो मी आपलं. आत्ता, खाली जाऊन."

"न्हाई!" तिनं त्याची बाही धरली. "माझी शपथ हाय. बोलायचं न्हाई."

"कावून?"

कसं सांगावं? की तुमच्या देवघरात, तुमच्या स्वयंपाकघरात ऊसतोड्याची पोरगी सून म्हणून कशी चालायची? की बोभाटा झाला तर उद्या बहिणींची लग्नं अडतील? ती एवढंच बोलली, "काकू न्हाई म्हणल्या, तर मला हा जिनाबी ऱ्हायचा न्हाई. एवढा तरी ऱ्हाऊ द्या."

त्यानं बाही सोडवली नाही.

"थांबीन मी," तो म्हणाला. "तू म्हणशील तवर थांबीन."

सकाळी लातूरकडं जाणाऱ्या गाडीत तो बसला तेव्हा स्टँडवर सगळं घर होतं. वर्षाराणी गेली नाही. तिनं त्या वेळी तीन मुलींना शिकवायला बोलावून घेतलं होतं आणि त्या वेळी ती इतकं मोठ्यानं शिकवत होती की मुली एकमेकींकडं बघू लागल्या.

फोन यायचा रविवारी. क्लासच्या टेबलावरच्या फोनवर, दुपारी जरा शांत झालं की.

"काय नवीन?" तो विचारायचा.

"काही न्हाई. तुमचं?"

मग तो सांगायचा. कंपनी, मोठी इमारत, काचेची दारं, हाताखाली माणसं. ती ऐकायची. तिच्याकडंही सांगायला पुष्कळ होतं. आजी विहिरीवर घसरून पडली आणि वैद्याशीच भांडून आली. धाकटी शाळेच्या खो-खोत पहिली आली. आईबापांनी कर्नाटकातून येताना एक पोपट आणला आणि तो कानडी शिव्या देतो... पण बंगळूरच्या फोनवर हे काय सांगायचं, असं वाटून ती गिळायची. आणि तोही, पूर्वी जसा 'आन् उकिरड्यावर?' म्हणून विचारायचा, तसं विचारीनासा झाला. मोठं मोठं बोलून झालं की फोनच्या तारेत नुसती खरखर.

एका रविवारी अशाच खरखरीत तो म्हणाला, "वर्षा... अजून किती?"

त्या दिवशी घरात पाणी नव्हतं, आजीला ताप होता, आणि सकाळीच वडिलांचा निरोप आला होता की यंदा हंगाम लांबलाय, पाडव्यालाही येणं व्हायचं नाही. ती वैतागून बोलून गेली, "मला काय म्हाईत! मी काय सांगू?"

पलीकडं श्वास ऐकू आला. "बरं," तो म्हणाला. "बरं..."

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. आपण फोन करावा, असं तिला रोज वाटायचं. नंबर पाठ होता. पण फोन करून सांगायचं काय? अजून सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. काही झालं म्हणजे करू, असं म्हणत ती राहिली.

आणि मग झालं. धाकट्यांतली मोठी दहावी पास होऊन अंबाजोगाईला वसतिगृहात गेली. शहादेवांची कंबर धरली म्हणून त्यांनी ऊसतोड सोडायची ठरवली. गावातच शेळ्या घेतल्या. दिवाळी आली तरी पहिल्यांदाच कोयते आढ्यालाच खोचलेले राहिले. संध्याकाळी सरस्वतीबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या आणि सगळं घर घरात होतं. वर्षाराणी दारात उभी राहून बघत होती. आता माझ्यावाचून अडत नाही, हे तिच्या मनात आलं. येत्या रविवारी फोन करायचा, तिनं ठरवलं. आधी पोपटाचं सांगायचं. मग बाकीचं.

शुक्रवारी दुपारी उमाबाई जिना चढून वर आल्या. गुडघे धरल्यापासून त्या वर येत नसत. धापा टाकत त्या खुर्चीत बसल्या. हातात ताट होतं, ताटात अक्षता आणि हळदीची बोटं लावलेली पत्रिका.

"बसवाचं ठरलं," त्या म्हणाल्या. "गुलबर्ग्याची मुलगी हाय. मामाच्या नात्यातली."

वर्षाराणीनं पत्रिका घेतली. दोन्ही हातांनी घेतली, घ्यायची असते तशी. उमाबाईंनी तिला कुंकू लावलं. बोट कपाळावरून लगेच निघालं नाही.

"लई दिवस टाळत व्हता," उमाबाई म्हणाल्या. "जायच्या आदल्या राती मी विचारलं व्हतं त्याला, कुणी हाय का मनात? म्हणला, हाय, पण तिनं बोलायचं न्हाई म्हणून शपथ घातलीया. नाव काही सांगितलं न्हाई त्यानं. शपथ मोडली न्हाई."

वर्षाराणीचे हात पत्रिकेवर घट्ट झाले.

"नाव कशाला लागतंय? तू वर आलीस की त्याला जेवायची हाक ऐकू यायची न्हाई. पापड भिजले त्या दिवशी दोघं खाली आलात, दोघांची तोंडं मी बघितली की." उमाबाई पदरानं गळा पुसत होत्या, डोळे नाही. "मला वाटलं, पोरगी स्वतः येईल. एक ना एक दिवस खाली येऊन म्हणंल, काकू, असं असं हाय. मी वाट बघितली गं. जिन्यात पाय वाजला की वाटायचं, आता सैपाकघराकडं वळंल. तू रोज उतरायचीस, चप्पल घालायचीस आन् जायचीस."

"काकू, मला वाटलं... तुमी..."

"आडवी आले नसते मी. ह्यांच्याशी भांडले असते, माहेराशी भांडले असते. पण आडवी आले नसते." "मलाबी वर येता येत व्हतं. गुडघे तवा चांगले व्हते. पण पोराच्या आईनं कशाला जावं, असं वाटलं मला. आता आले बग... पत्रिका घेऊन."

खाली दुकानात गुंडप्पा कुणाला तरी पातेली दाखवत होते. एकात एक ठेवल्याचा खणखणाट वर येत होता. वर्षाराणीला वाटलं, आपण आता मोठ्यानं ओरडू. पण तिच्या तोंडून आलं ते निराळंच.

"चहा सांगू का, काकू?"

उमाबाईंनी तिच्याकडं बघितलं. "सांग. बिनसाखरेचा."

ती जिना उतरली. मधल्या पायरीवर ती भिंतीला टेकून तिथंच बसली. तोंडात ओढणी धरून, आवाज न होऊ देता, ती रडली, तिला वाटलं आता संपेल, तरी संपेना तितकं. मग क्लासच्या मुलींचा गलका दुकानापाशी ऐकू आला, तशी ती उठली, तोंड पुसलं, रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेली.

"दोन चहा. एक बिनसाखरेचा."

"आन् दुसरा?" चहावाल्यानं विचारलं.

त्यानं पुन्हा विचारलं.

"दुसराबी तसाच," ती म्हणाली.

दोन्ही कप ती स्वतःच वर घेऊन गेली. मुली येऊन आपापल्या जागी बसल्या, कॉम्प्युटर चालू झाले, आणि त्या दोघी खिडकीपाशी समोरासमोर बसून चहा प्यायल्या. चहा संपल्यावर उमाबाई उठल्या, तेव्हा वर्षाराणीनं त्यांचा हात धरला आणि एकेक पायरी सांभाळत त्यांना खाली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.